आठ कप्पे आणि सरस्वतीबाई

केजच्या कॉलेजातून बी. कॉम. झालेल्या दीपमालाने दोन वर्षं नोकरी शोधली आणि शेवटी, इतर सगळं मागवतो तशी तीही घरबसल्या मागवायचं ठरवलं. मोबाइलवर एका ऑनलाइन विक्री कंपनीचा फॉर्म भरला. (वाईट गोष्टी हल्ली फॉर्मनेच सुरू होतात.) आठव्या दिवशी युसूफ वडगाव या तिच्या गावी घराच्या ओसरीवर आठ कप्प्यांचं निळं लोखंडी कपाट येऊन उभं राहिलं. आलेली पार्सलं त्यात ठेवायची, ज्याचं असेल त्याने फोनवरचा ओटीपी टाकून न्यायची. नको असलेला माल परतही तिथूनच जाणार. पंधरा दिवस चाचणी. जमलं तर गावचा पॉइंट दीपमालाचा, पगारासकट.

"आन् न्हाई जमलं तर?" तिचे वडील भगवानराव म्हणाले.

"जमणारच, अण्णा."

"न्हाई जमलं तर घाटनांदूरला. मामाच्या खताच्या दुकानात बसायचं."

मामा दिवसभर युरियाच्या पोत्यावर बसून जगाला सल्ले देत. ते सल्ले ऐकत म्हातारं व्हायचं, या कल्पनेनेच दीपमालाच्या नाकात वास गेला. तिने जीव लावून काम सुरू केलं.

पहिली परत पाठवणी शेजारच्या साखराबाईंच्या कुकरची. शिट्टी वाजत नव्हती.

"काकू, कारण काय टाकू? माल खराब?"

"आगं, तसं नगं लिहू. बनवणाऱ्याला कसं वाटंल?"

"त्याला काही वाटत नाही, काकू. हे नुसतं बटण आहे."

"असंल बाबा. पर लिही की, कुकर चांगला हाय, आमालाच वाजवता येईना."

दीपमालाने कपाळाला हात लावून 'माल खराब'वर बोट दाबलं, कुकर खोक्यात घातला आणि चिकटपट्टी आणायला आत गेली. बाहेर आली, पट्टी लावली, कप्पा बंद केला. मधल्या दोन मिनिटांत ओसरीवर तिची आई सरस्वतीबाई उभी होती, याकडे तिने लक्ष दिलं नाही. (आई घरात कुठेतरी उभीच असते, तिच्याकडे कोण लक्ष देतं?)

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या केजच्या गोदामातून अनिल सरांचा फोन आला.

"मॅडम, कुकरमध्ये शेंगदाणे आहेत."

"काय?"

"शेंगदाणे. आणि गुळाचा खडा. मशीनवर तपासायला उलटा केला तर पट्ट्यात गेले. पट्टा बंद आहे. माल नामंजूर. अजून एक नामंजूर झाला तर कपाट उचलू."

दीपमाला स्वयंपाकघरात शिरली ती तवा तापावा तशी तापून.

"आई! कुकरात शेंगदाणे तू घातलेस?"

"मग? दुसऱ्याचं भांडं रिकामं धाडायचं व्हय? आमच्या आईनं न्हाई असं शिकवलं."

"ते कंपनीचं आहे!"

"मग कंपनी काय आपल्या भावकीतली हाय? दुसऱ्याचीच की."

यावर बी. कॉम.च्या तीन वर्षांत काहीच शिकवलेलं नव्हतं. दीपमालाने मोठ्या अक्षरांत पाटी लिहून कपाटावर चिकटवली : 'परतीच्या पार्सलमध्ये खाण्याची कोणतीही वस्तू ठेवू नये.' मग आई आणि साखराकाकू दोघींना समोर बसवून ती दोनदा वाचून दाखवली. दोघींनी माना डोलावल्या. दीपमालाला वाटलं, समजलं. (शिकलेल्या माणसांना फार लवकर वाटतं.)

दहाव्या दिवशी साखराबाईंची साडी परत गेली. रंग फोटोत वेगळा होता. यावेळी दीपमालाने खोकं स्वतः बांधलं, आतून चाचपलं, वास घेतला. शेंगदाणा नव्हता. साडीच्या घडीत मात्र तिने हात घातला नाही.

"मॅडम," अनिल सरांचा आवाज आता रडवेला होता, "आम्ही एक साडी पाठवली होती. परत काय आलं सांगू? साडी, खण, तांदूळ आणि हळदीकुंकवाच्या पुड्या. कुंकू फुटलंय. साडी लाल झालीय. आणि जास्तीचा माल परत आला तर कुठलं कारण लिहायचं, ते आमच्या यादीतच नाही."

"काकू, पाटी वाचली होती ना?" फोन ठेवताच दीपमाला साखराबाईंवर ओरडली.

"वाचली की. खण कुठं खात्यात?"

"आणि तांदूळ?"

"कच्चे हायेत, पोरी. कच्चे कोण खातंय?" साखराबाईंनी शांतपणे विचारलं. "आन् साडी घरातून निघाली तर ओटीबिगर कशी धाडायची? म्या तुझ्या आईलाच इचारलं."

आई मागे उभी होतीच.

दीपमाला भांडली, रडली, गोदामाला तीन मेल लिहिले. उत्तर एकच आलं : सोमवारी टेम्पो येईल. भगवानरावांनी मामाला फोन लावला आणि त्याच फोनवर पोरीसाठी खुर्ची पक्की झाली. पोत्याशेजारची.

सोमवारी टेम्पो आला. ड्रायव्हरने कागद पुढे केला. 'सर्व आठ कप्पे रिकामे आहेत.' खाली सही.

दीपमालाने आठही दारं उघडली. आठही कप्पे तोंड वासून तिच्याकडे बघत होते. पंधरा दिवस ओसरीवर राहिलेलं, घरच्या लादीवर पाय टेकलेलं कपाट असं उघडंबोडकं निघालेलं तिला बघवेना. ड्रायव्हर दोर सोडायला वळला. आई दिसत नव्हती. दीपमाला आत गेली, डब्यातून मूठभर काहीतरी काढलं, आठव्या कप्प्यात ठेवलं, दार लोटलं आणि कागदावर ठसठशीत सही केली.

कपाट घेऊन टेम्पो हलला. मागून आवाज आला.

"काय ठिवलंस गं?"

दीपमाला दचकली. आई दारातच होती.

"शेंगदाणे," ती पुटपुटली.

"नुसते?" सरस्वतीबाईंच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख उमटलं. "गूळ न्हाई घातला? काय म्हणतील लोक, सरस्वतीची पोरगी शिकून असली निघाली?"

दीपमालाने रस्त्याकडे पाहिलं. टेम्पो चौकातल्या म्हशींपाशी अडकला होता.

"पुडी बांध लवकर," ती चपला शोधत म्हणाली, "पळत गेले तर गाठीन. कप्प्याचा ओटीपी अजून माझ्याच फोनवर येतोय."