मानसिंगरावांचं लिव्हर

"वैनीसाब, मालकांचं लिव्हर अडकलंय. अंथुर्णे गावात थांबल्यात." गाडीवान सोपानने बैल सोडायच्या आधीच ओसरीवर येऊन निरोप दिला.

मालक म्हणजे सिंधूचा नवरा मानसिंग. सकाळीच फटफटीवरून बारामतीला निघाला होता. सिंधूने मांडीवरच्या बाळाचं कपाळ चाचपलं. कसलीही बातमी आली की तिचा हात आधी तिथंच जायचा. अख्ख्या कळस गावात लिव्हर म्हणजे काय हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. पुण्यात इंटर सायन्सला असताना तिने बेडकाचं स्वतःच्या हाताने काढलं होतं.

"फार दुखतंय का?"

"त्ये म्या कसं सांगू? पर आडवं घातलंय. काळं त्याल गळतंय."

"काळं?"

"चौघांनी धरून हिसडं दिलं. लोहारानं हातोड्यानं ठोकलं बी. हालंना."

"लोहारानं?"

"मंग? तितं दुसरं कोण हाय?"

आतून सासूबाई, गोजरबाई, आल्या. "काय गं झालं?"

"आत्याबाई, ह्यांचं यकृत! पोटात उजवीकडं असतं ते."

"सकाळी चार भाकरी खाऊन गेलाय," गोजरबाई म्हणाल्या. "पोटात असलं तर त्येच असंल."

पण सिंधू बाळ, शेकायची रबरी पिशवी आणि ग्लुकोजचा डबा घेऊन गाडीत बसलीसुद्धा. वाटेत तिने धीर करून विचारलं, "शुद्धीवर होते ना?"

"व्हय की. शिव्या देत हुते."

शिव्या! म्हणजे वातात बरळायला लागले. सिंधूने बाळाला घट्ट धरलं आणि सोपानला बैल हाणायला लावले.

लोहाराच्या छपरात फटफटी आडवी पडली होती. शेजारी कोपरापर्यंत काळा झालेला मानसिंग चहा पीत होता. सिंधूला पाहताच त्याच्या हातातली बशी कलंडली. "बाळाला काय झालं?"

चार माणसांदेखत सिंधूने त्याच्या उजव्या बरगडीखाली बोटं दाबली. "इथं दुखतंय?"

"गुदगुल्या होतात गं!"

सोपानने घसा खाकरला. "वैनीसाब, लिव्हर तिकडं हाय." त्याने फटफटीच्या गिअरच्या दांड्याकडे बोट दाखवलं.

छपरात हसू फुटलं. सिंधूला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. तेवढ्यात दांड्याच्या बेचक्यात पक्कड घालून बसलेला लोहार ओरडला, "घावलं! ह्ये आडकल्यावर गेर पडंल कसा?"

पकडीच्या टोकाला काळा दोरा लोंबत होता आणि त्यात ओवलेला, चेपलेला बिबा.

"दृष्ट लागू नये म्हणून!" मानसिंग कपाळाला हात लावून म्हणाला. "आईचंच काम. ह्या अडाणी समजुती तिच्या डोक्यातून कधी जायच्या?"

सिंधूने गाठ ओळखली. परवा दुपारी सगळे झोपल्यावर तिने ती स्वतः मारली होती, निसटू नये म्हणून दोनदा.

तिने बाळाचं टोपडं सारखं केलं.

"जाऊ द्या हो," ती म्हणाली. "जुन्या माणसांना किती बोलायचं!"