आठ अच्छेरांची पायली

वेग वाढवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे वेग वाढवणे आणि दुसरा म्हणजे माप लहान करणे. पहिल्याला तारा, खांब आणि माणसं लागतात. दुसऱ्याला ठराव पुरतो. पळसदरीपलीकडच्या एका ग्रामपंचायतीने दुसरा मार्ग धरला, ही तिची दूरदृष्टी. (गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर अभिनंदनाचा आणखी एक ठराव होईल.)

गावात इंटरनेटची तार आली, तेव्हा पंचायतीवर फलक लागला: ‘आमचं गाव, पन्नासचं गाव’. पन्नास कशाचे, हे विचारण्याचा आगाऊपणा कोणी केला नाही. तो पौर्णिमाने केला, कारण तिचं घरी राहणं त्यावर अडलं होतं. मुंबईच्या एका कंपनीसाठी ती लग्नांचे व्हिडिओ घरबसल्या कापून-जोडून देते. कंपनीने कळवलं होतं: सेकंदाला दहा मेगाबाइट वेगाचा दाखला सोमवारपर्यंत द्या, नाहीतर रोज ऑफिसला या.

रोज गेली तर बुधाजीला, म्हणजे तिच्या म्हाताऱ्या बापाला, बघणार कोण? साखरेने त्याचे दोन्ही डोळे अधू झाले होते. दर महिन्याला प्रत्येक डोळ्यात एक इंजेक्शन, पनवेलला, वेगवेगळ्या दिवशी. वर्षाला चोवीस फेऱ्या. कंपनीच्या सुट्ट्याही चोवीसच, त्यामुळे तिला आजवर एकही लग्न स्वतः जाऊन बघता आलं नव्हतं.

पौर्णिमाच्या संगणकावर वेग दिसत होता सव्वासहा. तिने बापाला समजावलं, की तारवाले मेगाबिटमध्ये बोलतात, फाइली मेगाबाइटमध्ये मोजतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो.

“म्हंजे सांगायचं अच्छेरानं नि भरायचं पायलीनं,” बुधाजी म्हणाला. भात मापण्यात त्याचा जन्म गेला होता. “अर्ध्या शेराचं अच्छेर, आठ अच्छेरांची पायली. यात नवं काय हाय गं?”

ती पंचायतीत गेली. उपसरपंच हर्षद फलकाखालीच बसले होते.

“हर्षदभाऊ, पन्नास नाय, सव्वासहा येतंय. कंपनीला धा लागतात.”

“आकडा कमी पडतोय ना तुला?” हर्षद मायेने म्हणाले. “मग आकडा वाढवू की गं! पंचायत कशाला हाय?”

ठराव क्रमांक चौदा त्याच दुपारी झाला: ‘सदर तक्रार वेगाची नसून आकड्याची आहे, सबब आकडा वाढविण्यात यावा.’ मेगाबिटांचे किलोबिट केल्यावर पन्नासचे पन्नास हजार झाले. एका सदस्याला तेही कमी वाटले, म्हणून नुसते बिट धरण्यात आले. फलकावर आलं: सेकंदाला पाच कोटी. वाढ दहा लाख पट, खर्च रंगाचा एक डबा. शेजारच्या शंभरवाल्या गावाने आपला फलक गुपचूप उतरवला. ठरावाआधी तक्रारी सदतीस होत्या, नंतर एकही उरली नाही. (त्यांचं सूचनांमध्ये रूपांतर करण्यात आलं. सूचना सदतीस.)

पंचायतीने दिलेल्या दाखल्यावरही पाच कोटीच आले. आकडा खोटा नव्हता, हीच पौर्णिमाची पंचाईत. पाठवताना तिला लाज वाटली; पण बापाचे डोळे आठवले आणि तिने बटण दाबलं.

कंपनीच्या रुचितामॅडमनी दहापेक्षा पाच कोटी मोठे असल्याची खात्री करून घरून काम मंजूर केलं. इतक्या वेगवान कर्मचाऱ्याचा सन्मान म्हणून पुढे एक ओळ होती: ‘आपल्या वार्षिक सुट्ट्या चोवीसवरून शंभर करण्यात येत आहेत.’

“आबा, शंभर सुट्ट्या!” पौर्णिमा आनंदाने ओरडलीच.

बुधाजीने जन्मभर दुसऱ्याच्या हातातलं माप पाहिलं होतं. त्याने विचारलं, “शंभर काय गं?”

तिने खालची बारीक अक्षरं वाचली. तास. कामाचा दिवस आठ तासांचा धरावा.

“मग आठानं भाग.”

साडेबारा आले.

“बरं हाय,” बुधाजी म्हणाला. “कंचा डोळा ठेवायचा, ते तूच ठरव.”

पौर्णिमाने अजून ठरवलेलं नाही. वाचकांना तिची कीव येणं साहजिक आहे. घरी शंभरचं कनेक्शन घेतल्याचं जे पाहुण्यांना आवर्जून सांगतात, त्यांना तर जास्तच.