निपुत्रिक मायलर

मेलेल्या माणसाला जिवंत ठेवण्याचं काम त्याची मुलंबाळं करत नाहीत, करखातं करतं. आमच्या आयर्लंडातली जुनी जनगणना डब्लिनच्या आगीत जळाली, बाप्तिस्म्याच्या वह्यांना ओल लागली. पण कोण किती जमीन कसत होता आणि किती देणं लागत होता, हे मात्र अक्षर न् अक्षर शाबूत आहे. (सरकार माणूस विसरतं, थकबाकी नाही.) त्यामुळे इथे ज्याला पूर्वज हवा असतो, तो वसुलीच्या वहीत शोधतो.

किलकेनीकडच्या एका गावातले निवृत्त शिक्षक फिन्टन डेलाहंटी (गाव त्यांना अजून मास्तरच म्हणतं) यांना शोधायची गरजच नव्हती. ज्या चर्चची आपण पायरीही चढत नाही, त्या प्रॉटेस्टंट चर्चच्या पाद्र्याला दशांश, म्हणजे पिकाच्या दहाव्या हिश्शाचा कर, द्यायला १८३१च्या सुमारास कॅथलिक शेतकऱ्यांनी नकार दिला. तेव्हा आपल्या खापरपणजोबांनी, म्हणजे मायलर डेलाहंटींनी, वसुलीवाल्याच्या अंगावर कुत्रा सोडला, हे मास्तरांनी चाळीस वर्षं वर्गात शिकवलं. अभ्यासक्रमात ते नव्हतं. रविवारी कुळाच्या मेळाव्यात मायलरच्या स्मरणशिळेचं अनावरण होतं. शिळेवर कोरून झालं होतं : 'याने दिला नाही.'

गुरुवारी ग्रंथालयातल्या असुम्प्टाने मेळाव्याच्या प्रदर्शनात मांडायला म्हणून दशांशाची जुनी वही उघडली.

"मास्तर, तुमच्या मायलरने भरलाय. पूर्ण. मुदतीच्या आधी."

"दुसरा कोणी मायलर असेल."

"दुसराही आहे. शेजारच्याच घरात. तो बुडव्यांच्या यादीत आहे, कुत्र्यासकट. पण तो बर्नाडेटबाईंचा."

ही बुडव्यांची यादी त्या वेळच्या पाद्र्याने सरकारपुढे रडगाणं गायला केली होती. आज आमच्याकडे घराण्याची अब्रू तिच्यावर ठरते. आणि थोरल्या नातवाला आजोबांचंच नाव द्यायची आमची रीत असल्यामुळे एका वाडीत दोन-तीन मायलर असणं ही नित्याची बाब होती. घरांवरून मात्र ते वेगळे काढता येतात. पुढच्या घरपट्टीच्या वह्यांत भरणाऱ्या मायलरचं घर त्याच्या मुलाकडे, मग नातवाकडे गेलेलं दिसतं. शेवटचं नाव मास्तरांच्या वडिलांचं.

मास्तरांना त्या रात्री झोप लागली नाही. चाळीस वर्षांतले विद्यार्थी रविवारी समोर बसणार होते. सकाळी सफरचंदाचा केक घेऊन ते भाऊबंदकीतल्या लांबच्या बहिणीकडे, बर्नाडेटकडे गेले. तिने चहा ओतला, सगळं ऐकून घेतलं.

"माझा मायलर हवा तर घेऊन जा, फिन्टन. पण तुझा कुणाच्या गळ्यात बांधू?"

प्रश्न रास्त होता. शनिवारी तो मेळावा समितीपुढे आला. मेळाव्याची नावनोंदणी तपासण्यात आली : एकूण वंशज २१४, पैकी बुडव्या मायलरचे २१४, भरणाऱ्या मायलरचे शून्य. ज्याला एकही वंशज नाही तो निपुत्रिक, या तर्काने भरणारा मायलर निपुत्रिक वारल्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. ठराव मास्तरांनी मांडला, बर्नाडेटने अनुमोदन दिलं. घरपट्टीच्या वह्या जीर्ण असल्याने प्रदर्शनात न ठेवण्याचंही ठरलं. (असुम्प्टाने त्या चाळीस मिनिटांत जीर्ण करून दिल्या.)

रविवारी शिळेवरचं कापड दूर झालं. टाळ्या वाजल्या. मास्तरांचे डोळे भरून आले, आणि ते खरंच भरून आले होते. मग ते घरी गेले, म्हणजे निपुत्रिक मायलरच्या घरी, आणि त्याच्याच चुलीशेजारी बसून चहा प्यायले.

वाचकांनी हसायला हरकत नाही. तुमचे आजोबा बेचाळीसला भूमिगत होते. शेजाऱ्यांचेही होते, सगळ्या आळीचेच होते. मग त्या साली गावचा सारा वेळेवर कोणी भरला, हे एकदा तलाठ्याकडे जाऊन बघून यावं. नाही गेलात तरी चालेल. तेही निपुत्रिकच वारले असतील.