थोरल्याच्या उंचीचा पूर

पुराबद्दल काही विचारायचं असेल तर लोकांनी नदीकडे जाऊ नये, माझ्याकडे यावं! नदीचं काय, आली आणि गेली. मागचा चिखल कुणी उपसला? मी! ओल्या गाद्या कुणी वाळवल्या? मी! नदीला विचाराल तर ती म्हणेल, मी कुठे गेले होते तुमच्या घरात?

शिवाय माझ्याकडे पुरावा होता. आमच्या पुढच्या दाराची चौकट जुन्या सागाची. सासऱ्यांनी तिच्या डाव्या बाजूला पुराच्या खाचा करायला सुरुवात केली. पाणी ओसरलं की चाकू घ्यायचा, ओल जिथवर आली असेल तिथे खाच पाडायची आणि शेजारी साल-महिना कोरायचा. पुढे ह्यांनी तोच चाकू घेऊन उजव्या बाजूला मुलांच्या उंचीच्या खाचा करायला घेतल्या. दर वाढदिवसाला पोराला टाचा टेकवून उभं करायचं, डोक्यावर पट्टी धरायची, खाच पाडायची, साल-महिना कोरायचा. ह्यांचं म्हणणं होतं, "एक कमी व्हावं म्हणून मोजायचं आणि एक वाढावं म्हणून. चाकू एकच पुरतो."

पूर काही कमी झाले नाहीत, पण पोरं वाढली. आणि थोरला तर असा वाढला, असा वाढला की थांबायचं नाव घेईना! सगळी गल्ली त्याला 'शिडी' म्हणायची. कुणाचा दिवा बदलायचा असला, माळ्यावरचं काही काढायचं असलं की हाक यायची, "शिडी आहे का घरात?" त्याची शेवटची खाच चौकटीच्या वरच्या लाकडाला टेकायला आली होती. त्याचा जन्म ऐन पावसाळ्यातला. ही गोष्ट लक्षात ठेवा. नगरपालिकेनं ठेवली नाही.

घरात आता मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघीच. वरच्या मजल्यावर शिंपीकाका भाड्यानं राहतात. धाकटीचे गुडघे गेले आहेत. भिंतीला धरून ती पलंगापासून पुढच्या दारापर्यंत येते आणि उंबरठ्याशी खुर्चीत बसते. तिथून ती गल्लीचा कारभार बघते. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या सुनेनं आज तोंड का पाडलंय, सगळं तिला ठाऊक. जाणारा प्रत्येक माणूस "काय मावशी?" म्हणून पुढे जातो. दोन पायऱ्या उतरून रस्त्यावर येणं तिला जमत नाही. ते दार हेच तिचं जग.

गेल्या पुरात आमच्या घरात गुडघाभर पाणी आलं. म्हणजे धाकटीच्या भाषेत, "माझे गुडघे गेले ते गेले, वर पाणी गुडघ्याला!" चिखल निघाल्यावर नगरपालिकेचा इंजिनीअर पाहणीला आला. तरणाताठा, इस्त्रीचा शर्ट, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. मी त्याला चौकटीपाशी नेलं आणि छाती फुगवून सांगितलं, "हे बघा साहेब, तुमच्या कचेरीत नसेल एवढा इतिहास! ही डावी बाजू पुरांची."

"हो, हो," तो म्हणाला.

"आणि ही उजवी पोरांची. ही सगळ्यात वरची आमच्या थोरल्याची, पुराची नव्हे बरं!"

"हो, हो. अगदी बरोबर."

इतकं लक्ष देऊन ऐकणारा सरकारी माणूस मी जन्मात पाहिला नव्हता! मी त्याला मागच्या नाल्याचीही हकीकत सांगितली. पूर्वी पाणी त्या नाल्यानं सुरळीत निघून जायचं. मग नगरपालिकेनं तो बुजवला आणि त्यावर स्वतःचीच नवी इमारत बांधली. तेव्हापासून पाणी आमच्या गल्लीतून जातं. बिचाऱ्या पाण्यानं तरी जायचं कुठून?

"हो, हो. होऊन जाईल."

मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तर तो चौकटीचे फोटो काढून, टेप लावून निघून गेला होता. धाकटी खुर्चीतून म्हणाली, "ताई, त्याच्या कानात ते यंत्र होतं. तो सगळा वेळ फोनवर बोलत होता."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतक्या रंगात आला होतात. म्हटलं, एक तरी सुखी असू दे."

पुढे आमच्या वॉर्डाचा नगरसेवक दारात उभा राहिला. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते तेव्हा हा पहिलीत माझ्याकडे होता. तेव्हा नाक पुसत नसे, आता हात जोडणं थांबवत नाही.

"बाई, अभिनंदन! गल्लीचा रस्ता उंच करायचं ठरतंय. पुन्हा कधी रस्ता पाण्याखाली जाणार नाही! आजवरच्या सगळ्यात मोठ्या पुराएवढा भराव!"

"म्हणजे किती?"

त्यानं हात वर केला. तो पुरेना, म्हणून टाचा उंचावल्या.

"अरे गाढवा," मी म्हटलं, "तो पूर नाही! तो आमचा शिडी आहे!"

"बाई, कागदोपत्री आता तो पूर आहे."

माझा थोरला! ज्याला न्हाऊ घातलं, शाळेत घातलं, नोकरीला लावलं, तो पोरगा नगरपालिकेत नैसर्गिक आपत्ती म्हणून लागला होता! आणि त्याच्या डोक्याइतका रस्ता दारासमोर उभा राहणार होता. धाकटीनं एवढंच विचारलं, "ताई, मग मी कुठे बसायचं?"

मी पदर खोचला आणि थेट नगरपालिकेच्या सभेला जाऊन बसले. पहिला विषय होता पुरात वाहून गेलेलं चौकातलं कारंजं. गावानं इतकं पाणी पाहिलं, तरी यांची तहान भागली नव्हती! नवं, दिव्यांचं, गाणी म्हणणारं कारंजं आणायचं, हा ठराव टाळ्यांत मंजूर झाला. दुसरा विषय आमची गल्ली. इंजिनीअरनं पडद्यावर माझी चौकट दाखवली. शिडीची खाच मोठ्या लाल बाणासकट! मी ताडकन उभी राहिले.

"तो माझा मुलगा आहे!"

नगराध्यक्षांनी इंजिनीअरकडे पाहिलं. "हे तुमचे चिरंजीव? हुशार आहेत हो!"

"हा नव्हे, ती खाच! ती माझ्या मुलाची उंची आहे!"

सभागृह हसलं. इंजिनीअर हसला नाही, त्याला समजावून सांगायची हौस होती. "आजी, खाचेशेजारी साल आहे. महिना आहे. तोही पावसाळ्याचा."

"तो त्याच्या वाढदिवसाचा महिना आहे!"

"पूरसुद्धा त्याच महिन्यात येतात, आजी."

मी म्हटलं, "बरं, उंची राहू दे. नाला आधी मोकळा करा. तुमची ही इमारत नाल्यावर बसली आहे. आत्ता तुम्ही ज्या खुर्चीत आहात ना, तिच्याखालून पाणी जायचं."

काही जणांनी खुर्चीखाली पाहिलंसुद्धा. मग नगराध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "आजींच्या भावनांचा सभा आदर करते. पण विकासकामात भावना नकोत. त्यांचा मुलगा त्या उंचीचा आहे, हे त्यांनी दाखवावं. आम्ही फेरविचार करू."

एवढंच ना! मी घरी येऊन थोरल्याला फोन लावला. "आहेस तसा ये. तुला नगरपालिकेला दाखवायचा आहे."

"आई, मी पन्नाशी ओलांडली आहे. दाखवायचं म्हणजे काय?"

"दाराशी उभं राहायचं. बाकी काही करायचं नाही. जन्मात एकदा तुझ्या उंचीचा घराला उपयोग होऊ दे!"

तो आला. इंजिनीअर आला. नगरसेवक हात जोडून आला. निम्मी गल्ली बघायला जमली. धाकटी खुर्चीत सावरून बसली, जणू निकाल तिचाच होता. होताच. शिडी चौकटीला पाठ लावून उभा राहिला. इंजिनीअरनं डोक्यावर पट्टी धरली.

पट्टी खाचेच्या खाली आली! चांगली चार बोटं खाली!

"सरळ उभा राहा रे!" मी ओरडले.

"सरळच उभा आहे, आई."

"मान वर कर!"

"एवढीच होते. डॉक्टरांनी सांगितलंय, मणक्यांमधली गादी झिजली आहे."

आयुष्यभर खुर्चीत बसून, संगणकापुढे मान घालून माझा ताडासारखा पोरगा वाकला होता आणि मला पत्ताच नव्हता! दर सुट्टीत येत होता, जेवत होता, जात होता. मी त्याला उंचच समजत होते. धाकटी कळवळून म्हणाली, "अरे, टाचा तरी उचल!" त्यानं उचलल्याही. पण इंजिनीअरचं लक्ष नेमकं तेव्हाच पायांकडे गेलं.

"खाच यांची नाही," तो प्रसन्नपणे म्हणाला. "सिद्धच झालं. शंका होती तीही फिटली!"

नगरसेवक माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाई, नसतं आणलं तर संशयाचा फायदा तरी मिळाला असता."

पहिलीत याला एकदा कोपऱ्यात उभा केला होता. तिथेच ठेवायला हवा होता.

मग ट्रकमागून ट्रक आले. माती, दगड, मुरूम, वर सिमेंट. रस्ता पायऱ्यांवर चढला, उंबरठ्यावर चढला, खिडक्यांवर चढला आणि चौकटीच्या वरच्या लाकडाशी येऊन थांबला. आमच्या दारापुरती हातभर फट सोडली होती. घरात उतरायला नगरपालिकेनं लोखंडी शिडी दिली, तिच्यावर 'नागरिकांच्या सोयीसाठी' अशी पाटी! खऱ्या शिडीनं दगा दिला, म्हणून ही खोटी. मी म्हातारी त्या शिडीवरून कंबर धरून चढते-उतरते. धाकटीचा तर प्रश्नच मिटला.

तरी ती रोज दाराशी बसायची. समोर सिमेंटची भिंत. वर मान केली की फटीतून रस्त्याची कड आणि जाणाऱ्यांचे पाय. "काय मावशी?" म्हणायला कुणी वाकेना. माणसांना घाई असते, आणि वाकायला तर सगळ्यांचीच कंबर दुखते. थोड्याच दिवसांत ती चपलांवरून माणसं ओळखू लागली. "टाच झिजली, तो पोस्टमन. फरफटत गेला, तो शाळेतला शिपाई." एकदा नवे कोरे, चकचकीत बूट दिसले. म्हणाली, "हा नगरसेवक. चिखलात पाय पडलेला दिसत नाही."

पाऊस आला. रस्ता खरंच पाण्याखाली गेला नाही! नगरपालिकेनं शब्द पाळला, हे मान्य करायला हवं. रस्त्यावरचं सगळं पाणी वळून आमच्या घरात आलं. विहिरीत घागर रिकामी करावी तसं. शिंपीकाका धावत खाली आले, त्यांनी धाकटीला पाठुंगळी घेतलं आणि आतल्या जिन्यानं वर नेलं. जाता जाता ती म्हणत होती, "माझी खुर्ची! अहो, माझी खुर्ची!" खुर्ची तरंगत तरंगत दाराशी आली आणि तिच्या नेहमीच्या जागी घुटमळत राहिली. माणसांपेक्षा वस्तूंना जास्त माया असते.

पाणी थांबलं ते रस्त्याच्या पातळीला. म्हणजे कुठे, ते सांगायला हवं का?

ओसरल्यावर इंजिनीअर आला. या वेळी कानात यंत्र नव्हतं. त्यानं चौकटीवरची ओल पाहिली, शिडीची खाच पाहिली, टेप लावला, पुन्हा लावला. मला वाटलं, आता याच्या डोळ्यांत पाणी येणार. आलंही! आनंदाचं!

"आजी! तंतोतंत! आमचा अंदाज केसाचाही चुकला नाही! तुम्ही उगाच शंका घेत होतात!"

पुढच्या सभेत अचूक नियोजनाबद्दल त्याच्या अभिनंदनाचा ठराव झाला. कारंज्याचं उद्घाटनही त्याच दिवशी झालं. ऐकलं की छान गाणी म्हणतं.

धाकटी आता वरच राहते. शिंपीकाकांनी मशीन सरकवून तिच्या पलंगाला जागा केली. वरची खिडकी मागच्या बाजूला उघडते. तिथून नगरपालिकेच्या इमारतीची पाठ दिसते, दुसरं काही नाही. ती तिकडे तोंड करून बसत नाही.

परवा थोरल्याची मुलगी सुट्टीला आली. उंची सरळ आजोबांची आणि बापाची उचलली आहे पोरीनं! अजून वाढतेच आहे. लोखंडी शिडीवरून धडाधड उतरली, चाकू शोधून काढला, चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, माझी उंची मोज ना! मी बाबांच्या खाचेच्याही वर गेले!"

जिन्यातून धाकटीची किंकाळी आली, "ताई! तिला आधी खाली बसवा!"

बसवली. फतकल मारून जमिनीवर बसवली आणि बसल्या उंचीची खाच केली. पोरगी खट्टू झाली, पण इलाज नव्हता. साल खरं कोरलं. महिना मात्र मी भर उन्हाळ्याचा घातला.