पाटणकर काकांचा संध्याकाळचा राउंड

आमचे पाटणकर काका दारूच्या थेंबाला शिवत नाहीत आणि रोज संध्याकाळी पाच बार पालथे घालतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. उत्तरेकडच्या बर्फाळ श्रूजबरी गावात वीस वर्षं ते आमचे शेजारी. काकू गेल्या, काका रिटायर झाले आणि थंडीचे चार महिने 'की वेस्ट' बेटावर राहू लागले. फ्लोरिडाच्या पार टोकाला असलेलं हे बेट एवढंसं, की सायकलवर टांग मारली की दीड-दोन तासांत सगळं पाहून होतं. रस्त्यात कोंबडे मोकाट फिरतात आणि मुख्य रस्त्यावर दर चार पावलांवर एक बार. दारं-खिडक्या सताड उघडी, आत कुणीतरी गिटार बडवत असतं. यंदा मी आठवडाभर काकांकडे राहिले आणि त्यांचा सगळा कारभार या डोळ्यांनी पाहिला.

काका भूलतज्ज्ञ. "चाळीस वर्षं लोकांना झोपवलं. आता जिथे कुणी वेळेवर झोपतच नाही, तिथे राहून बघतोय," असं ते म्हणतात. पाचच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालून, सायकलची घंटी वाजवत ते 'राउंड'ला निघतात. खिशात स्टीलची डबी. तिच्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि काळं मीठ. प्रत्येक बारमध्ये लिंबू-सोडा मागवायचा, त्यात चिमूटभर टाकायचं आणि पहिल्या घोटाला निकाल द्यायचा. बाटलीतला रस वापरणाऱ्या एका बारवाल्याला त्यांनी तोंडावर सांगितलं, "पेशंट इज क्रिटिकल." दुसऱ्या दिवशी तिथे टोपलीभर ताजी लिंबं हजर! सगळे बारटेंडर त्यांना 'डॉक' म्हणतात.

सोडा पिता पिता गिऱ्हाइकं तपासायची, हा त्यांचा खरा उद्योग.

"तो पिवळा शर्ट बघ. ऐंशी किलो, तिसरा ग्लास. अजून एक घेईल आणि बहिणीला फोन करून रडेल."

"बहिणीलाच कशावरून, काका?"

"बायको शेजारी बसलीये ना!"

पंधरा मिनिटांत पिवळ्या शर्टाने फोन लावला. पलीकडे बहीण होती की आणखी कोण, देव जाणे, पण रडला मात्र मनसोक्त. "व्हायटल्स ओके," म्हणत काका पुढच्या बारकडे निघाले.

पाच बार झाले की सहावा लागतो. तिथे काका पाऊल टाकत नाहीत, कारण तिथे त्यांचा मुलगा अनिकेत काम करतो. डॉक्टरकीची रेसिडेन्सी अर्धवट सोडून तो या बेटावर बारटेंडर झाला, तेव्हापासून चार वर्षं बापलेकांचं बोलणं बंद आहे. मराठी मंडळात कुणी विचारलंच, तर काका "तो फ्लोरिडात असतो," एवढं सांगून वरणाची वाटी पुढे करतात. त्या बारसमोर, रस्त्याच्या अलीकडे एक बाक आहे. 'पाय दुखतात' म्हणून काका तिथे रोज तासभर बसतात. नेमक्या एकाच ठिकाणी रोज दुखणारे पाय मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत.

एकदा मीच आत गेले. ग्लास पुसत अनिकेत म्हणाला, "आय नो, ताई. रोज बसतात. ती खिडकी मी कधीच क्लोज करत नाही. पाऊस असला तरी."

"मग बाहेर जाऊन बोल की!"

"ही शुड कम इन."

दोघेही एकाच मुशीतले. मला दोघांच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला.

मी निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्या बाकावर बसलो होतो. आत एक धिप्पाड टुरिस्ट स्टुलावरून घसरून खाली कोसळला. मित्र हसत फोनवर त्याचं शूटिंग करू लागले. अनिकेत धावत काउंटरबाहेर आला. ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगून त्याने त्या माणसाला कुशीवर वळवलं, हनुवटी अलगद वर केली आणि जमिनीवर बसून त्याचा श्वास बघत राहिला. मागून कुणी बिअर मागितली, कुणी हाका मारल्या. त्याने नजर हलवली नाही.

काका उठून दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. त्यांची गरजच नव्हती. "बरोबर," ते पुटपुटत होते, "आता छाती बघ... बघतोय. बघतोय तो."

ॲम्ब्युलन्स येऊन गेली. तो माणूस स्ट्रेचरवरून कुरकुर करत होता, म्हणजे ठीक होता. काका बाकावर बसले.

"त्याने रेसिडेन्सी सोडली, तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, 'पेशंटच्या उशाशी बसायची तुझी लायकी नाही.' त्याच्या आईसमोर म्हणालो." खिडकीकडे बघत ते म्हणाले, "चुकलो गं मी."

मला त्यांचा राग आला. "हे मला सांगून काय उपयोग, काका?"

ते उठले. शर्ट नीट खोचला आणि रस्ता ओलांडला. दारात जरा अडखळले, मग सरळ काउंटरपाशी जाऊन उभे राहिले. मी मागोमाग खिडकीपाशी गेले; ती उघडीच होती, मला सगळं ऐकू येत होतं.

अनिकेतने हातातलं फडकं खाली ठेवलं. "व्हॉट कॅन आय गेट यू?"

काकांनी खिशातली डबी काढून काउंटरवर ठेवली. मग ते म्हणाले, "जेवलास का रे?"

"नाही," अनिकेत मराठीत म्हणाला. "बाबा, तुम्ही?"