पायथ्याचं पाणी : एक नियंत्रित अभ्यास

तहान ही लोकसमजुतीनुसार घशाला होणारी एक भावना असली, तरी जोवर तिचा रीतसर अभ्यास झालेला नाही, तोवर ती केवळ एक तक्रार असते. तक्रार कुणीही करू शकतो. अभ्यासाला मात्र कक्ष लागतो, समिती लागते आणि शिक्का लागतो.

हे ज्या मोठ्या रुग्णालयाला वेळीच उमगलं, तिथे परिचर्या संशोधन कक्ष स्थापन झाला. पूर्वी धुतलेल्या चादरी ठेवायच्या त्या खोलीत तो सुरू झाला. (चादरी हल्ली कुठे असतात, यावर अभ्यास चालू आहे.) कक्षाची कामगिरी पहिल्याच वर्षी डोळे दिपवणारी ठरली. हात धुण्याचं महत्त्व शंभरातल्या सत्त्याण्णव परिचारिकांना तोंडपाठ असल्याचं सिद्ध झालं. प्रत्यक्ष हात धुण्याचा भाग वगळावा लागला, कारण वॉर्डातला नळ दुरुस्तीला गेला होता. ‘प्रश्नावल्या भरण्याविषयी परिचारिकांचं मत’ या विषयावर चारशे प्रश्नावल्या वाटल्या गेल्या आणि एकही परत आली नाही, त्यामुळे मत अनुकूल आहे की प्रतिकूल, हे कळायला मार्ग उरला नाही. ‘परिचारिकेचं स्मित आणि रुग्णाचं समाधान’ या प्रबंधासाठी स्मिताची रुंदी पट्टीने मोजण्यात आली. पट्टी ओठांना लावताना स्मित टिकत नाही, हा त्यातला मुख्य निष्कर्ष.

अशा या रुग्णालयात वॉर्ड चारच्या इन्चार्ज सिस्टरांनी एक दिवस, कुणालाही न विचारता, चोवीस रुग्णांना पाणी मिळण्याची सोय करून टाकली.

या सिस्टरांना सगळे लगेचबाई म्हणत. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणीही हाक मारली, तरी त्या ‘लगेच’ म्हणत आणि खरोखरच लगेच जात. या सवयीपायी त्यांच्या हातून एकही संशोधन झालं नव्हतं. त्यांच्या मागून आलेल्या तिघी जणी पदोन्नती घेऊन वरच्या मजल्यावर बसत, आणि तिथे हाक ऐकू येत नसल्यामुळे त्यांचं लिखाण उत्तम चाले.

घडलं होतं ते असं. वॉर्ड चारमध्ये चोवीस खाटा. प्रत्येक खाटेला एक छोटा लोखंडी लॉकर, त्यावर पाण्याचा जग आणि पेला. हा लॉकर खाटेच्या पायथ्याशी ठेवायचा नियम होता. फार वर्षांपूर्वी तपासणीला आलेल्या एका वरिष्ठांनी दारातून पाहिलं, तेव्हा योगायोगाने चोवीस लॉकर पायथ्याशी एका रेषेत उभे होते. ‘वा, काय रेषा आहे!’ एवढं म्हणून ते निघून गेले. ते उद्गार नियम क्रमांक एकोणीस म्हणून छापले गेले. तेव्हापासून रुग्णाला पाणी हवं असेल, तर तो आधी उठून बसे, मग गुडघ्यांवर रांगत खाटेच्या दुसऱ्या टोकाला जाई आणि हात लांब करी. ज्याला एवढं जमे, त्याला खरं तर घरी सोडायला हरकत नव्हती.

तीन महिन्यांत चार जण खाली पडले. चौघेही दुपारी चार ते पाचच्या दरम्यान, झोपेतून उठल्यावर घसा कोरडा पडलेला असताना. लगेचबाईंनी हे ध्यानात घेतलं आणि वॉर्डातल्या मावशींना हाक मारली. मावशी म्हणजे झाडलोट, बेडपॅन आणि रुग्णांच्या काळज्या, ही तिन्ही कामं गेली वीस वर्षं पाहणाऱ्या बाई.

“मावशी, हे लॉकर उशाशी नेले तर?”

“चाकं लावलीत की त्यांना,” मावशी म्हणाल्या. “चाकं काय शोभेला असतात?”

दहा मिनिटांत चोवीस लॉकर उशाशी आले. पुढचे नऊ दिवस कुणीही पडलं नाही. दहाव्या दिवशी मेट्रनबाईंचा राउंड झाला आणि वॉर्डात रेषा नसल्याचं आढळून आलं.

लगेचबाईंना नोटीस आली. तिच्यात ‘पुराव्याविना सुधारणा’ असा आरोप होता आणि खुलाशासाठी छापील तक्ता जोडलेला होता. ‘कृतीमागील तत्त्व’ या रकान्यात लगेचबाईंनी लिहिलं, ‘पाणी हाताशी असावे’. ‘संदर्भ’ या रकान्यात त्यांनी पुष्कळ विचार करून लिहिलं, ‘सासूबाई (तोंडी, रोज)’.

संशोधन कक्षाच्या प्रमुख प्राध्यापिकाबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. त्या स्वभावाने प्रेमळ होत्या आणि रुग्णांविषयी त्यांना अपार आस्था होती. सोळा वर्षांत एकाही रुग्णाशी गाठ न पडल्यामुळे ती आस्था जशीच्या तशी टिकली होती.

“सिस्टर, तुमची कल्पना सोन्यासारखी आहे हो,” त्या म्हणाल्या. “पण उद्या कुणी विचारलं, पाणी जवळ ठेवल्यानेच लोक पडायचे थांबले कशावरून? तर काय सांगणार?”

“ते परत लांब ठेवलं की पडतील की.”

“अगदी बरोबर!” प्राध्यापिकाबाईंचा चेहरा उजळला. “आपण नेमकं तेच करायचं आहे.”

लगेचबाई जायला उठल्या. पण अभ्यास यशस्वी झाला, तर नियम एकोणीस कायमचा रद्द होईल आणि सगळ्या पंधरा वॉर्डांतले लॉकर उशाशी येतील, असं कबूल करण्यात आलं. हे आमिष मोठं होतं. त्या हो म्हणाल्या.

आराखडा साधा होता. सम क्रमांकाच्या खाटांना पाणी उशाशी, विषम क्रमांकाच्या खाटांना पायथ्याशी. कुणाला कोणती खाट, हे चिठ्ठी टाकून ठरायचं, म्हणजे कुणाच्या तहानेवर अन्याय नको. नीतिसमितीने निम्म्याच लोकांना पाणी जवळ मिळणं हा पक्षपात असल्याचं बजावलं आणि अभ्यासाला मंजुरी मिळेपर्यंत समतेच्या तत्त्वावर सर्वांचंच पाणी पायथ्याशी नेलं. संमतिपत्र अकरा पानांचं होतं. ते खाटेच्या पायथ्याशी अडकवलेलं असल्यामुळे सही करायला जाताना दोघे घसरता घसरता वाचले. (या घटना अभ्यासपूर्व असल्याने मोजलेल्या नाहीत.)

मग आकडेतज्ज्ञ आले. त्यांनी हिशेब करून सांगितलं की ठाम निष्कर्षासाठी अडतीस जण पडायला हवेत. बारा विषम खाटांच्या सध्याच्या वेगाने त्याला पावणेपाच वर्षं लागतील. प्राध्यापिकाबाईंची निवृत्ती चार वर्षांवर होती. त्यामुळे एक परिपत्रक निघालं : विषम खाटांवरील रुग्णाला परिचारिकेने हाताने पाणी देऊ नये, कारण तसं केल्यास तहान दूषित होते. काळजी घेणं हा या अभ्यासातील प्रमुख अडथळा असून तो नऊ आठवड्यांसाठी कमीत कमी ठेवावा. प्रतिसादाची वेळ नोंदवण्यासाठी इन्चार्ज सिस्टरांनी रोज चार ते पाच घड्याळ आणि तक्ता घेऊन दाराशी उभं राहावं.

लगेचबाई उभ्या राहू लागल्या. पहिला आठवडा त्यांचे पाय आपोआप पुढे पडत. त्या ते मागे घेत. दुसऱ्या आठवड्यात पायांना वळण लागलं. तिसऱ्या आठवड्यात खाट तीनवरचे सद्गृहस्थ खाली आले, सुदैवाने गादीसकट, आणि आकडेतज्ज्ञांनी फोनवरून अभिनंदन केलं. मावशींना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. परिपत्रक पात्रताधारक कर्मचाऱ्यांसाठी होतं, आणि मावशी कुठल्याच रकान्यात बसत नव्हत्या.

चौथ्या आठवड्यात लगेचबाईंच्या सासूबाईंना तापाने घेरलं. पायांत त्राण उरलं नव्हतं, म्हणून त्यांना भरती करावं लागलं. चिठ्ठी टाकली गेली. खाट क्रमांक अकरा निघाली.

“हे पाणी तिकडे कुणासाठी ठेवलंय?” सासूबाईंनी पडल्या पडल्या चौकशी केली.

“तुमच्यासाठीच आहे, आई.”

“मग ते काय मला भेटायला येणार आहे?”

“आई, जरा हळू बोला. सध्या अभ्यास चालू आहे. तुमची खाट विषम आहे.”

“शेजारणीचं तर उशाशी आहे!”

“त्या सम आहेत.”

“बत्तीस वर्षं तुला सांगत आले, आजाऱ्याच्या उशाशी पाणी ठेवावं. घरात कधी चुकली नाहीस. आणि जिथे सगळे आजारी, तिथे तुला हे शिकवलं होय?”

लगेचबाईंनी सगळ्या वाटा तपासून पाहिल्या. खाट बदलावी, तर चिठ्ठीत ढवळाढवळ. लॉकर सरकवावा, तर अभ्यास बाद, मग पंधरा वॉर्डांतलं पाणी जन्मभर पायथ्याशी. हाताने पाणी द्यावं, तर तहान दूषित. आणि सासूबाई एकदा पडल्या, तर या वयात पुन्हा उभ्या राहणार नाहीत, हे समजायला कुठल्याही कक्षाची गरज नव्हती. रात्रभर त्या मनाशी एकच म्हणत राहिल्या, पाचच आठवडे तर उरलेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी सासूबाईंना जाग आली. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून दाराशी घड्याळ घेऊन उभी होती. म्हातारीही काही कमी मानी नव्हती. तिने हाक मारली नाही. ती उठून बसली, गुडघ्यांवर आली, एका हाताने कठडा धरून दुसरा जगाकडे लांबवला. कठड्यावरचा हात सुटला.

लगेचबाईंनी तक्त्यात लिहिलं : ४.१२.

मग त्या धावल्या. पण सहा पावलांचं अंतर होतं, आणि लिहिण्यात गेलेला वेळ होता. तेवढ्यात खाट नऊखाली झाडू घालणाऱ्या मावशींनी झाडू टाकून सासूबाईंना कमरेत धरलं, खाटेवर टेकवलं, पायाने लॉकर उशाशी ढकलला, पेला भरला आणि त्यांच्या हातात दिला. या सगळ्याला किती वेळ लागला, याची नोंद उपलब्ध नाही.

सासूबाई पाणी प्याल्या. पेला रिकामा झाल्यावर म्हणाल्या, “आधी लिहिलंस ना गं?”

आवाजात राग नव्हता. तो असता, तर लगेचबाईंना सोसला असता. एकोणतीस वर्षांत त्यांना कधी वाटली नव्हती इतकी स्वतःची लाज वाटली. तक्ता त्यांच्या हातातच होता. तो त्यांनी खाटेवर ठेवला, मावशींना हाक मारली आणि दोघींनी मिळून उरलेले अकरा लॉकर उशाशी आणले. या खेपेला पाच मिनिटं पुरली.

मात्र मोठ्या संस्था अशा आततायीपणाने डगमगत नसतात. अभ्यास नऊ आठवडे चालायचा होता, तो चाललाच. अभ्यासापुरता मेट्रनबाईंचा राउंड रोज सकाळी दहाला असे, आणि त्या वेळी वॉर्ड चारमध्ये विषम लॉकरांची रेषा दिसे, म्हणजे लॉकर जागेवर होते. राउंड संपल्यावर मावशी ते उशाशी नेत आणि दुसऱ्या दिवशी पावणेदहाला परत आणत, ही बाब कुणीच विचारली नाही. दाराशी कुणी उभं नव्हतं. तक्त्यात रोज चार ते पाचच्या रकान्यात एकच आकडा भरला जाई, आणि तो खरा होता : शून्य.

आकडेतज्ज्ञ चकित झाले. शेवटचे पाच आठवडे सम खाटांवर शून्य आणि विषम खाटांवरही शून्य. अहवाल तयार झाला. त्यावर लगेचबाईंचं नाव सहाव्या क्रमांकावर होतं. निष्कर्ष असा होता : पाणी पायथ्याशी ठेवल्याने रुग्ण पडतात या समजुतीला आधार नसून, पायथ्याशी ठेवलेलं पाणी उशाशी ठेवलेल्या पाण्याइतकंच सुरक्षित आहे. नियम एकोणीस आता पुराव्यावर आधारित झाला. तो इतर तीन रुग्णालयांनी उचलला. अहवालाला वार्षिक परिषदेत पहिलं बक्षीस मिळालं, आणि लगेचबाईंना अखेर पदोन्नती मिळाली.

त्यांनी ती नाकारली. खरं सांगायला त्या प्राध्यापिकाबाईंकडे दोनदा गेल्या. दोन्ही वेळा त्यांना हरकतीचा तक्ता देण्यात आला, त्यात ‘संदर्भ’ हा रकाना होता. उरलेल्या चौदा वॉर्डांत आपल्या मावशींसारखं कुणी आहे का, याची त्या हल्ली दुपारी, चहाच्या सुट्टीत, एकेका वॉर्डात जाऊन चौकशी करतात. आतापर्यंत पाच सापडल्या आहेत. सासूबाई घरी आहेत, ठणठणीत आहेत, आणि उशाशी पाणी असूनही सुनेलाच हाक मारतात. ती लगेच येते.

अहवालाला एक पुरवणी होती, ती जागेअभावी छापली गेली नाही. नऊ आठवड्यांत विषम खाटांना भेटायला आलेल्या नातेवाइकांची त्यात मोजदाद आहे. एकूण एक हजार एकशे सेहेचाळीस. ‘किती लांब ठेवलंय हो पाणी’ म्हणणारे नऊशे दोन. नुसतेच च्च् च्च् करणारे दोनशे तेरा. तक्रारवही मागणारे तीस. लॉकर ढकलणारे एक (त्यांना खुर्चीला जागा हवी होती). लॉकरला चाकं होती, हे सर्वांना दिसत होतं.

पुरवणीतला शेवटचा रकाना वाचकांसाठी राखून ठेवला असून तो अजून भरतो आहे. आतापर्यंतची नोंद अशी : लॉकर कुठे हवा, हे वाचकाने पहिल्या पानावरच ओळखलं. प्राध्यापिकाबाईंना हसला, आकडेतज्ज्ञांना हसला, मावशींचं कौतुक वाटून त्याने मानही डोलावली. मध्येच आतल्या खोलीतून कुणीतरी पाणी मागितलं, तेव्हा वाचक ‘लगेच’ म्हणाला आणि पुढची ओळ वाचू लागला. वेळ लिहून ठेवली आहे.