खंडेनवमीस चाळीस जोड्या मोडल्या त्याची हकीकत

श्रीविश्वकर्मा प्रसन्न. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमी आणि दशमी, या दोन दिवसांत राज्यात जो प्रसंग गुदरला तो यथास्थित लिहितो. मीठमसाला कोठे लागला असेल तर तो कौतुकाचा समजावा आणि वाचत्यांनी मांड ठोकून बसावे.

राज्य कोणते म्हणाल, तर नाव घेण्याची आज्ञा नाही. परंतु देशोदेशींच्या गाड्यांखालचे आंस आणि इंजिनाचा जोर चाकापावेतो नेणारी दंतचक्रे या राज्यात घडोन जहाजांनी रवाना होतात, आणि त्यांत मातबर कारखाना जोड्यांचा. एक चक्र ताटाएवढे, त्यास क्राऊन म्हणतात. दुसरे मुठीएवढे, दांड्याचे, त्यास पिनियन. दोघांचे दात एकमेकांवर घासोन बसवितात, मग तो संसार जन्माचा. भलत्याशी गाठ घातली तर गाडी कण्हते, कुंथते आणि दात गाळोन मधरस्त्यात बसकण मारते. या जोड्या पारखणाऱ्या कमळजाबाई शेलार. फिरत्या जोडीस लाकडी दांडकी टेकवीत, दुसरे टोक कानाशी धरीत, "नांदतेय" ऐसे म्हणत, आणि मग शिक्का पडे. वीस वर्षांत त्या शिक्क्यास बोल लागला नव्हता, आणि बाईंस त्याचा गर्वही थोडाथोडका नव्हता.

त्या साली उत्तरेच्या बर्फाळ मुलखाने प्रथमच चाळीस जोड्या मागविल्या आणि त्यांचा वकील दसऱ्याचे दिवशी तीन वाजता जातीने येणार ठरले. कारभारी भुजंगराव पाटसकर बाईंस म्हणाले, "एक जोडी जरी बोंबलली ना, तर वरचे लोक हा सगळा कारखाना दुसऱ्या मुलखात हलवणार. शिक्का तुमच्याकडून गेलाच समजा." बाई म्हणाल्या, "चाळीसच्या चाळीस नांदतील साहेब. लिहून घ्या."

कोण कोणाचे ते कळावे म्हणोन जोडीच्या दोन्ही चक्रांवर एकच आकडा कोरीत. तों ते कोरण्याचे यंत्र नेमके रुसले, म्हणोन या चाळीस जोड्यांवर आकडे रंगाने घातले. आणि नवमीस आली खंडेनवमी, हत्यारे पुजण्याचा दिवस! बाईंस ऐसे स्फुरण चढले की हुकूम सोडिला, "उद्या वकील बघणार. आरशागत लख्ख करा." मग काय विचारता! लोकांनी रॉकेलचे बोळे घेतले, क्राऊन एका टेबलावर, पिनियन दुसऱ्यावर मांडिले, घासघासोन चकचकीत केले आणि प्रत्येकावर झेंडूचे फूल ठेविले. बाईंनी स्वहस्ते अकरा पुसले. दशमीस प्रातःकाळी बाई जोड्या लावावयास आल्या, एक चक्र उलटून पाहिले तों आकडा नाही, दुसऱ्यास नाही, तिसऱ्यास नाही, आणि बाई ओरडल्या, "अगं बाई! नंबरच पुसले की मी!"

कारभाऱ्यांची पाचावर धारण बसली. बाई म्हणाल्या, "रडायला सवड नाही. माणसं बोलवा आणि शेंदूर कालवा." सुटीचा दिवस, माणसे घरी तोरणे बांधीत होती, फोन गेले आणि तैशीच नव्या कपड्यांत ऐंशी असामी दाखल जाहली. दातांस तेलातला शेंदूर लावावा, दोन चक्रे चौकटीत घालोन हाताने फिरवावी, ठसा दाताच्या मध्यावर उमटला तर जोडी बाईंच्या कानाकडे, कडेला घसरला तर परत टेबलावर. "ही नाही!" "हीपण नाही!" "बसली, बसली, बसली!" ऐसा एकच कल्लोळ जाहला, पैठण्यांस शेंदूर लागला आणि कोणास भान उरले नाही. बाई ऐकत, शिक्का मारीत, आणि पेट्या बांधणारे हुसेनभाई मुलाणी लगोलग खिळे ठोकीत. अडीच वाजता एकोणचाळीस पेट्या बंद जाहल्या. उरला एक क्राऊन, एक पिनियन. लोकांनी टाळ्या पिटिल्या, कारभारी म्हणाले, "उरली ती चाळिसावी. आता ऐकायचं काय त्यात?" तरी बाईंनी दांडकी टेकविली आणि त्यांचा चेहरा उतरला. "नांदत नाही."

"एकच तर आहे हो. मारा शिक्का!" कारभारी काकुळतीस आले.

"एकच नाही, साहेब. ही दोघं एकमेकांची नाहीत, म्हणजे ह्यांचे खरे जोडीदार बंद पेटीत गेलेत. तिथं एक चुकीची जोडी मी पास केलीय. माझ्या शिक्क्यानं." मग हुसेनभाईंकडे वळोन म्हणाल्या, "भाई, फोडा पेट्या."

"फोडतो की! ठोकल्या कुणी? मीच," ऐसे म्हणोन हुसेनभाईंनी पहार उचलिली, आणि त्याच घडीस वकिलाची गाडी वेळेआधीच वेशीत शिरली. कारभारी ओरडले, "त्यांच्यासमोर? अहो, अब्रू जाईल!" बाई म्हणाल्या, "जाऊ दे. माझीच आहे ना." खिळे उडाले, फळ्या निघाल्या, उरलेला क्राऊन एकेका पिनियनास लावोन पाहू लागले, आणि वकील दारात उभा राहोन दुभाष्यास पुसतो की हे काय चालले आहे, तर उत्तर देण्यास कोणास फुरसत नाही! सव्विसावी पेटी फोडिली आणि ठसा मध्यावर उमटला. बाईंनी दांडकी कानास लाविली, डोळे मिटिले. "नांदतेय! नांदतेय!" मग त्या पेटीतला क्राऊन उरल्या पिनियनास लाविला, ती उलटी गाठही ऐकली, तीही नांदली. ऐंशी माणसे ऐशी ओरडली की छपराचे पत्रे थरथरले, आणि कारभारी तर हुसेनभाईंच्या गळ्यातच पडले.

मग बाई पदराला हात पुशीत वकिलापुढे गेल्या. दुभाष्यास म्हणाल्या, "त्यांना सांगा, नंबर मी पुसले. एक जोडी मी चुकीची पास केली होती. आता बरोबर आहेत." वकिलाने ऐकिले, फुटक्या पेट्या पाहिल्या, आणि दुभाष्याकरवी म्हणाला, "आमच्या बंदरात प्रत्येक पेटी उघडून तपासतात. या बाईंचा शिक्का असेल ती उघडू नका, असं मी लिहून देतो."

वीस वर्षे ज्या बोलासाठी कान झिजविला तो बोल पुढ्यात आला आणि बाईंचे डोळे भरोन आले. परंतु मान हलवोन म्हणाल्या, "नको म्हणावं. उघडत जा. आज मलाच उघडायला लागल्या."

वकील मोठ्याने हसला आणि तेथेच चार हजार जोड्यांची मागणी सांगितली. कारखाना राज्यात राहिला, शिक्का बाईंपाशी राहिला. जाहले ते इतके. लिहिणाराने येथे दौत मिटिली.